डिजिलॉकर: पदवी सांभाळायला उत्तम, पण चावी सिमकार्डात

डिजिलॉकर म्हणजे आपली कागदपत्रं डिजिटल रूपात मोबाइलवर ठेवण्याची सरकारी सेवा. शिक्षण संपवून पहिल्या-दुसऱ्या नोकरीत असलेल्यांनी ती वापरावी का? जरूर वापरावी. गुणपत्रिका आणि पदवी खरी आहे हे समोरच्याला दाखवून द्यायला आज याहून सोपी सोय नाही, आणि सेवा पूर्ण मोफत आहे. पण बहुतेक जण ती अर्धीच वापरतात: ट्रॅफिक पोलिसाला लायसन्स दाखवण्यापुरतं. शिवाय खात्याची सुरक्षा ज्या मोबाइल क्रमांकावर उभी आहे, त्या क्रमांकाकडे कुणी लक्ष देत नाही. म्हणून या परीक्षणात दोन्ही बाजू घेतल्या आहेत: शिक्षणाची कागदपत्रं नीट कशी आणायची, आणि ती तसंच आपली ओळख चुकीच्या हातात पडू नये म्हणून काय करायचं.

केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाची ही सेवा 1 जुलै 2015 रोजी सुरू झाली. तिचं कायदेशीर बळ डिजिटल लॉकरविषयीच्या 2016 च्या नियमांत आणि फेब्रुवारी 2017 मध्ये त्यांत घातलेल्या 9-अ या नियमात आहे. डिजिलॉकरमार्फत जारी झालेला दस्तऐवज मूळ कागदाच्या बरोबरीचा मानावा, असं तो नियम सांगतो. यातला 'जारी झालेला' हा शब्द महत्त्वाचा. ॲपमध्ये दोन वेगळे कप्पे आहेत. 'इश्यूड' या कप्प्यात जे येतं ते थेट मंडळाच्या, विद्यापीठाच्या किंवा परिवहन खात्याच्या नोंदींतून येतं. 'ड्राइव्ह' या कप्प्यात तुम्ही स्वतः स्कॅन करून चढवलेल्या फायली असतात. त्यासाठी 1 जीबी जागा मिळते आणि एक फाइल 10 एमबीपर्यंत चालते. दहावीच्या गुणपत्रिकेचा फोटो काढून ड्राइव्हमध्ये टाकला तर तो फोटोच राहतो. त्याला मूळ प्रतीचा दर्जा मिळत नाही. 'माझी सगळी सर्टिफिकेटं डिजिलॉकरमध्ये आहेत' असं म्हणणाऱ्यांनी एकदा ॲप उघडून कोणता कागद कोणत्या कप्प्यात आहे ते पाहावं.

खातं उघडताना

ॲप डाउनलोड करताना ॲप स्टोअरमध्ये नाव शोधून पहिलं दिसेल ते घेऊ नका. डिजिलॉकर डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर जा आणि तिथल्या दुव्यावरून ॲप घ्या. नाव, जन्मतारीख आणि लिंग आधारवर आहे तसंच भरा. सहा आकडी पिन ठरवताना जन्मवर्ष, गाडीचा नंबर किंवा यूपीआयचा पिन वापरू नका. आधार जोडल्यावर आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, आणि पहिली अडचण इथेच येते. गावाकडच्या अनेक घरांत मुलांच्या आधारला वडिलांचा किंवा थोरल्या भावाचा क्रमांक जोडलेला असतो. मुलगी हिंजवडीत नोकरीला आणि ओटीपी जातो बार्शीला. नोकरी लागण्याआधीच आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा क्रमांक जोडून घ्या. मोबाइल क्रमांक बदलायला कागदपत्रांची गरज नसते.

सेतू केंद्रात किंवा सायबर कॅफेत खातं उघडून घेतलं असेल तर घरी आल्यावर तीन गोष्टी तपासा: प्रोफाइलमध्ये मोबाइल क्रमांक कोणाचा आहे, ईमेल कोणाचा आहे, आणि पिन कोणी ठरवला होता. घाईत केंद्रचालक स्वतःचा ईमेल टाकतो आणि गिऱ्हाईकाला 123456 असा पिन ठरवून देतो. त्यात वाईट हेतू नसेलही, पण पिन त्याच दिवशी बदलायला हवा.

गुणपत्रिका आणि पदवी आणताना काय अडतं

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिका डिजिलॉकरवर मिळतात. गोवा मंडळाचे निकालही मिळतात. शोधात मंडळाचं नाव टाका, परीक्षा निवडा, मग वर्ष आणि आसन क्रमांक भरा. राज्य मंडळाच्या आसन क्रमांकात आधी इंग्रजी अक्षर आणि पुढे सहा आकडे असतात. ते अक्षर गाळलं किंवा अक्षर आणि आकड्यांमध्ये जागा सोडली की 'नोंद सापडली नाही' असं उत्तर येतं, आणि मुलं समजतात की मंडळाने माहितीच चढवलेली नाही. फेब्रुवारी-मार्चची परीक्षा आणि जुलैची पुरवणी परीक्षा यांच्या नोंदी वेगळ्या असतात, हेही ध्यानात ठेवा.

नावाचा घोळ याहून मोठा आहे. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत असा क्रम असतो. आधारवर बहुधा नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा. नुसता क्रम वेगळा असेल तर बऱ्याचदा निभावतं. पण आधारवर वडिलांचं नाव नसणं, स्पेलिंगमध्ये एखादं 'एच' किंवा 'ए' कमी-जास्त असणं, लग्नानंतर आधारवर नवं आडनाव आणि गुणपत्रिकेवर माहेरचं, अशा वेळी जुळणी होत नाही आणि कागद अडतो.

अशा वेळी लगेच आधार बदलायला धावू नका. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. आधी सगळे कागद समोर मांडा: दहावीचं प्रमाणपत्र, पदवी, पॅन, पासपोर्ट, बँकेचं पासबुक, पीएफची नोंद. यांतला दहावीचा कागद बदलायला सर्वांत अवघड असतो, कारण त्यासाठी शाळेमार्फत मंडळाकडे जावं लागतं आणि वेळ जातो. तेव्हा दहावीचं प्रमाणपत्र प्रमाण धरा आणि बाकीचे कागद त्याला जुळवून घ्या. लग्नानंतर नाव बदललेल्या, पण शिक्षणाचे कागद माहेरच्या नावाचे असलेल्या मुलींनी विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र किंवा महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नावबदलाची नोंद कायम हाताशी ठेवावी. डिजिलॉकरमध्ये जुळणी झाली नाही तरी नोकरीच्या पडताळणीत हाच कागद उपयोगी पडतो. नोकरी करणाऱ्या मुलीने नाव बदलायचं ठरवलं असेल, तर आधार, पॅन, बँक आणि पीएफ चारही ठिकाणचा बदल एकाच महिन्यात उरकावा. दोन ठिकाणी जुनं आणि दोन ठिकाणी नवं, अशी अवस्था वर्षभर राहिली की पगार जमा होतो, पण पीएफ काढताना सगळं अडकतं.

पदवीचा मार्ग थोडा वेगळा आहे. विद्यापीठं पदव्या राष्ट्रीय शैक्षणिक निक्षेपागारात, म्हणजे 'नॅड'मध्ये चढवतात, आणि नॅड डिजिलॉकरच्याच आत चालतं. शोधात विद्यापीठाचं नाव घ्या, 'पदवी प्रमाणपत्र' किंवा 'गुणपत्रिका' निवडा, मग पीआरएन, म्हणजे कायम नोंदणी क्रमांक, किंवा आसन क्रमांक आणि वर्ष भरा. विद्यापीठाने जे वर्ष चढवलंय तेवढंच मिळतं. अलीकडच्या वर्षांच्या पदव्या सहज सापडतात. जुन्या वर्षांच्या बाबतीत विद्यापीठागणिक फरक आहे. सापडली नाही तर डिजिलॉकरच्या मदत केंद्राला पत्र लिहून फारसं काही होत नाही, कारण माहिती त्यांच्याकडे नसतेच. विद्यापीठाच्या परीक्षा विभागातल्या नॅडच्या समन्वयकाला लिहा. पत्रात पीआरएन, उत्तीर्ण झाल्याचं वर्ष-महिना, आधारवरचं नाव जसंच्या तसं आणि त्रुटीच्या संदेशाचा स्क्रीनशॉट द्या. नुसतं 'माझी डिग्री दिसत नाही' एवढ्याच पत्राला उत्तर मिळायला महिने जातात.

अजून शिकत असणाऱ्यांसाठी, किंवा नोकरी करता करता दुसरी पदवी घेणाऱ्यांसाठी, श्रेयांक (क्रेडिट) पेढी म्हणजे एबीसीचं खातं इथूनच उघडतं आणि 12 आकडी क्रमांक मिळतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याचे नियम 2021 मध्ये केले. मिळवलेले श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात. मध्येच शिक्षण सोडून नोकरी धरणाऱ्यांसाठी ही सोय फार मोलाची आहे. पण तुमचे श्रेयांक तिथे महाविद्यालयच चढवतं, तुम्ही नाही. प्रत्येक सत्राचा निकाल लागल्यावर महिन्याभरात खातं उघडून पाहा. श्रेयांक शून्य दिसत असतील तर महाविद्यालयात असतानाच पाठपुरावा करा. तीन वर्षांनी दुसऱ्या शहरातून तो करणं फार जड जातं.

एचआरला पाठवताना होणाऱ्या चुका

डिजिलॉकरमधून उतरवलेल्या पीडीएफवर बहुधा क्यूआर कोड असतो, पुष्कळ दस्तऐवजांवर डिजिटल सहीही असते. त्यातली गंमत अशी की ही सही फाइलच्या आत असते, कागदावर नाही. फाइल 'प्रिंट टू पीडीएफ' केली, आकार कमी करणाऱ्या संकेतस्थळावर नेली, किंवा दहावी-बारावी-पदवी एकत्र जोडून एकच पीडीएफ बनवली की सही गेली. भरतीच्या पोर्टलवर फाइलच्या आकाराची मर्यादा असते म्हणून सगळे हेच करतात. उपाय सोपा आहे: पोर्टलवर लहान केलेली प्रत टाका, पण उतरवलेली मूळ फाइल हात न लावता वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि एचआरने मागितली की ती ईमेलला जोडून पाठवा. व्हॉट्सॲपवर पाठवायची वेळ आली तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलेला क्यूआर कोड दबतो आणि स्कॅन होत नाही.

अक्रोबॅट रीडरमध्ये उघडल्यावर सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं तर फाइल खोटी आहे असा अर्थ नाही. भारतातल्या प्रमाणन संस्थांची प्रमाणपत्रं त्या सॉफ्टवेअरच्या विश्वासार्ह यादीत आपोआप नसतात. सहीवर टिचकी मारा, सहीचे गुणधर्म उघडा, सही करणाऱ्याचं प्रमाणपत्र पाहा, त्यातल्या 'ट्रस्ट' विभागात जाऊन ते विश्वासार्ह यादीत घाला आणि पुन्हा पडताळणी करा. हिरवी खूण येते. मोबाइलच्या साध्या पीडीएफ वाचकात किंवा ब्राउझरमध्ये हे जमत नाही, संगणकच लागतो. प्रमाणपत्र यादीत घालण्याआधी त्यावरचं नाव खरोखर मंडळाचं, विद्यापीठाचं किंवा संबंधित सरकारी खात्याचं आहे ना, ते वाचा. पिवळ्या खुणेऐवजी लाल खूण आली तर मात्र फाइल सही झाल्यानंतर बदललेली असू शकते. तेव्हा ती पुन्हा डिजिलॉकरमधून उतरवा.

पार्श्वभूमी पडताळणी करणाऱ्या कंपन्या आता फाइल मागण्याऐवजी थेट डिजिलॉकरचा दुवा पाठवतात. ही पद्धत फाइल ईमेल करण्यापेक्षा चांगली आहे: कागद थेट जारी करणाऱ्याच्या नोंदीतून जातो, तुम्ही संमती दिलेलेच कागद जातात, आणि ईमेलच्या पेट्यांत तुमच्या आधारच्या प्रती साठत नाहीत. दुवा उघडल्यावर आधी पत्ता वाचा. डिजिलॉकरच्या लॉगिनचं पान 'मेरी पहचान' या सरकारी प्रणालीवर नेतं, आणि पत्त्यात सुरुवातीच्या 'https://' नंतर येणाऱ्या पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी 'डॉट जीओव्ही डॉट इन' असायला हवं. 'जीओव्ही' हा शब्द पत्त्यात आधी कुठेतरी असणं आणि शेवटी असणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पिन आणि ओटीपी फक्त त्या पानावर भरायचा. फोनवर कुणाला सांगायचा नाही, समोरचा माणूस एचआर असला तरी.

संमतीच्या पानावर कागदांची यादी आणि मुदत असते. बहुतेक जण ते न वाचता पुढे जातात. नोकरीसाठी दहावी, बारावी, पदवी आणि पॅन पुरे. यादीत गाडीचं आरसी किंवा रेशनकार्ड असेल तर त्यापुढची खूण काढा; खूण निघतच नसेल तर एचआरला कारण विचारा. रुजू झाल्यावर खात्यातल्या हालचालींची नोंद पाहा आणि आता गरज नसलेली संमती मागे घ्या.

कागद फेकू नका

इथे सेवेच्या मर्यादा स्पष्ट सांगायला हव्यात, कारण उत्साहाच्या भरात लोक मूळ कागदांकडे दुर्लक्ष करतात.

एमपीएससी, बँक भरती आणि इतर स्पर्धा परीक्षांच्या केंद्रात मोबाइल आत नेताच येत नाही. तिथे मूळ ओळखपत्र कागदी किंवा प्लास्टिकचंच लागतं. परदेशात शिकायला जाताना परदेशी मूल्यमापन संस्थांना ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या विषयांच्या गुणांचा अधिकृत उतारा, हवं असतं, आणि ते विद्यापीठाकडून थेट जावं लागतं. डिजिलॉकरमधली गुणपत्रिका त्याची जागा घेत नाही. आखाती नोकरीसाठी किंवा युरोपसाठी पदवीवर राज्य शासनाचं साक्षांकन आणि परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा खरेपणाचा शिक्का, लागतो, तेव्हाही साधारणपणे मूळ पदवीच हातात घेऊन जावं लागतं. संयुक्त अरब अमिरातीसाठी अपोस्टिल पुरत नाही, दूतावासाचं साक्षांकन लागतं. म्हणून परदेशी जाण्याचा विचार असेल तर पदवी लॅमिनेट करू नका. लॅमिनेट केलेल्या कागदाच्या पाठीवर शिक्का मारता येत नाही.

पासपोर्टच्या बाबतीत मात्र ही सेवा खरोखर वेळ वाचवते. अर्ज भरताना आधार आणि दहावीचं प्रमाणपत्र डिजिलॉकरमधून जोडता येतं. दहावी किंवा त्यापुढचं शिक्षण दाखवलं की पासपोर्ट 'नॉन-ईसीआर' वर्गात येतो, म्हणजे ठरावीक देशांत नोकरीला जाताना उत्प्रवासाची वेगळी मंजुरी लागत नाही. पदवीधर मुलं अर्जात हा रकाना रिकामा सोडतात, आणि नंतर पासपोर्ट नव्याने काढून घ्यायला पुन्हा शुल्क भरतात.

निकालाच्या दिवशी सेवा मंदावते, कधी उघडतच नाही. मुलाखतीच्या आदल्या रात्री सगळ्या फायली उतरवून मोबाइलमध्ये ठेवा. रांगेत उभं राहून लॉगिन करायच्या भानगडीत पडू नका. मूळ गुणपत्रिका हरवली असेल तर डिजिलॉकरची प्रत हाताशी आहे म्हणून दुय्यम प्रत काढणं टाळू नका. पोलिसांकडे गहाळ झाल्याची नोंद करा, मग ज्या विभागीय मंडळातून परीक्षा दिली त्याच मंडळाकडे अर्ज करा. राज्य मंडळाची नऊ विभागीय मंडळं आहेत. लातूरची गुणपत्रिका पुण्याच्या विभागीय कार्यालयात मागून फेरा वाया जातो.

कंपनीने मूळ प्रमाणपत्रं 'बाँड' म्हणून ठेवून घ्यायची मागणी केली तर नकार द्या. पडताळणीसाठी मूळ कागद समोर दाखवायचे आणि त्याच बैठकीत परत घ्यायचे. डिजिलॉकर हाताशी असताना कुणालाही तुमची मूळ पदवी स्वतःच्या कपाटात ठेवण्याचं कारण उरत नाही. वरील नियम 9-अ चा उल्लेख करून तसं ईमेलने लिहा. ज्या कंपनीचं म्हणणं खरं असतं ती कंपनी यावर अडत नाही.

खात्याचा खरा धोका

डिजिलॉकरची स्वतःची तांत्रिक बाजू एकंदरीत भक्कम आहे. 2020 मध्ये लॉगिनच्या प्रक्रियेतली एक गंभीर त्रुटी एका सुरक्षा संशोधकाने दाखवून दिली होती. ती दुरुस्त झाली. आजचा धोका वेगळा आहे. खात्यात शिरायला पिन आणि ओटीपी लागतो, आणि पिन विसरल्यावर नवा ठरवण्याची वाटही शेवटी ओटीपीवरूनच जाते. म्हणजे तुमचं सिम ज्याच्या हातात, त्याच्यासाठी काम अर्धं झालेलं असतं. जन्मतारखेसारखी उरलेली माहिती तुमच्या बायोडेटावर छापलेलीच असते.

चोराला मोबाइलचं कुलूप उघडायची गरज नसते. तो सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि सगळे ओटीपी तिथे येतात. यावर एक जुना, साधा आणि फार कमी वापरला जाणारा उपाय आहे: सिमचा पिन. मोबाइलच्या सुरक्षेच्या सेटिंगमध्ये 'सिम कार्ड लॉक' चालू करा. आधी मोबाइल कंपनीने दिलेला मूळ पिन विचारला जातो. तो अंदाजाने टाकू नका, सिमच्या पाकिटावर पाहा किंवा कंपनीच्या दुकानात विचारा. तीनदा चुकला की सिम अडकतं आणि ते उघडायला पीयूके क्रमांक लागतो, आणि पीयूके दहादा चुकला तर सिम कायमचं निकामी होतं. मूळ पिन टाकून लगेच स्वतःचा नवा ठेवा. यापुढे फोन बंद करून चालू केला किंवा सिम दुसरीकडे घातलं की हा पिन मागितला जाईल. सोबत कुलूपबंद पडद्यावर संदेशांचा मजकूर दिसणं बंद करा, नाहीतर ओटीपी कुलूप न उघडताही वाचता येतो.

फोन चोरीला गेलाच तर क्रम असा: आधी मोबाइल कंपनीला फोन करून सिम बंद, मग बँक आणि यूपीआय बंद, मग पोलिसांकडे नोंद, मग दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, अडवणं. आयएमईआय अडवायला पोलिसांच्या नोंदीची प्रत आणि त्याच क्रमांकाचं नवं सिम लागतं, म्हणून ते शेवटी. आयएमईआय क्रमांक आजच लिहून ठेवा. फोनवर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबलं की दिसतो.

संचार साथीवर आणखी एक गोष्ट दर सहा महिन्यांनी पाहा: तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत. एका माणसाच्या नावावर देशाच्या बहुतेक भागात नऊपर्यंत जोडण्या चालतात. ओळखीचा नसलेला क्रमांक दिसला तर तिथेच 'माझा नाही' अशी खूण करा. नोकरीच्या नावाखाली पाठवलेल्या आधारच्या प्रती पुढे कुठे जातात, याचा पहिला सुगावा बरेचदा इथे लागतो.

नोकरी शोधताना काय, कधी द्यायचं

आपल्याकडच्या बायोडेटाला अजून जुनं वळण आहे: पूर्ण पत्ता, जन्मतारीख, वडिलांचं नाव, जात, वैवाहिक स्थिती, काही जण आधार क्रमांकही लिहितात. नोकरीच्या संकेतस्थळावर चढवलेला बायोडेटा कोण उतरवून घेतं यावर तुमचा ताबा नसतो. शहराचं नाव, ईमेल, मोबाइल, शिक्षण आणि अनुभव एवढं पुरे. नोकरी शोधण्यासाठी वेगळा ईमेल ठेवा. आणि शक्य असेल तर वेगळा मोबाइल क्रमांकही, जो बँकेला आणि आधारला जोडलेला नाही.

मुलाखतीपर्यंत कोणताही ओळखीचा कागद द्यायचा नाही. नेमणुकीचं पत्र कंपनीच्या स्वतःच्या ईमेल पत्त्यावरून आल्यावर पडताळणीसाठी गुणपत्रिका आणि पदवी. पगार सुरू होण्याआधी पॅन, बँकेचा तपशील आणि पीएफचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा क्रमांक. आधार मागितलंच तर पहिले आठ आकडे झाकलेलं द्या. डिजिलॉकरमधल्या आधारवर ते आकडे झाकलेलेच असतात. छापील प्रत देताना मजकुरावरून आडवी रेघ मारून 'फक्त अमुक कंपनीतील पडताळणीसाठी' असं लिहा, तारीख टाका आणि सही करा. कोपऱ्यात लिहिलेलं कापून टाकता येतं, मजकुरावरून लिहिलेलं नाही.

नोंदणी शुल्क, लॅपटॉपची अनामत, प्रशिक्षणाचा खर्च यापैकी काहीही आधी मागितलं की तिथेच थांबा. व्हिडिओ कॉलवर आधार चेहऱ्याशेजारी धरायला लावणाऱ्या 'एचआर'ला तर मुळीच होकार देऊ नका. तेवढ्या सामग्रीवर तुमच्या नावाने बँकेत खातं उघडता येतं किंवा ॲपवरून कर्ज काढता येतं.

तसं कर्ज काढलं गेलंय का, हे कळण्याचा मार्ग म्हणजे पतअहवाल (क्रेडिट रिपोर्ट). देशात चार पतमाहिती कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येकीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो. चौघींकडून एकदम न मागता दर तीन महिन्यांनी एकीकडून मागवा, म्हणजे वर्षभर लक्ष राहतं. अहवालात आकड्यापेक्षा 'चौकशी' हा भाग आधी वाचा. तुम्ही अर्ज न केलेल्या वित्तसंस्थेचं नाव तिथे दिसलं तर तुमचे कागद कुणीतरी वापरलेत. त्या संस्थेला आणि पतमाहिती कंपनीला लेखी हरकत कळवा.

आधारच्या बाबतीत 'माय आधार' पोर्टलवर किंवा 'एमआधार' ॲपवर बायोमेट्रिक कुलूप लावून ठेवा. बोटांच्या ठशांवर बँकेतून पैसे काढण्याच्या फसवणुकीला त्याने अटकाव होतो. सिम घेताना ठसे लागले तर तात्पुरतं उघडता येतं. तिथेच गेल्या सहा महिन्यांत आधार कुठे कुठे वापरलं गेलं त्याची यादी मिळते, एका वेळी पन्नास नोंदींपर्यंत. मदतीसाठी 1947 हा क्रमांक आहे.

पैसे गेलेच तर 1930 वर लगेच फोन करा. बँक, व्यवहाराची वेळ, रक्कम आणि यूपीआयच्या व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यांत पसरण्याआधी ते गोठवता येतात, म्हणून पहिला तास मोलाचा. पैसे गेले नाहीत, पण कागदांचा गैरवापर झाला असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. पुढे कर्जवसुलीचे फोन आले तर तोच क्रमांक दाखवावा लागतो.

परदेशी गेलेल्यांसाठी एक शेवटची अडचण. भारतीय सिम रिचार्ज न करता पडून राहिलं की कंपनी ते बंद करते आणि काही काळाने तोच क्रमांक नव्या ग्राहकाला देते. तुमच्या डिजिलॉकरचे, आधारचे आणि बँकेचे ओटीपी मग त्या अनोळखी माणसाकडे जातात. जाण्याआधी कमीत कमी रकमेचा दीर्घ मुदतीचा रिचार्ज करा, आंतरराष्ट्रीय रोमिंगवर संदेश येतात का ते विमानतळावर जायच्या आधी तपासा, आणि क्रमांक सोडायचाच असेल तर आधी आधार, बँक आणि डिजिलॉकर तिन्ही ठिकाणी नवा क्रमांक नोंदवा. सिम त्यानंतरच बंद करा.